शहाण्णव भाग उष्णता

हेब्बाळच्या तळ्यापलीकडे एक टेक पार्क आहे. त्यातल्या सहा नंबरच्या इमारतीत क्षमा राव नऊ वर्षं नोकरीला होती, आणि त्यातली सहा वर्षं तिने एकाच यंत्रावर घालवली होती.

इमारतीच्या पहिल्या तळघरात सर्व्हरची मोठी खोली होती. सर्व्हर थंड राहावेत म्हणून त्यांच्यामधून पाणी फिरवत, आणि ते पाणी बाहेर येताना पासष्ट अंशांचं असे. तिथून ते पाइपांतून थेट गच्चीवर जायचं, तिथल्या कूलिंग टॉवरमध्ये आपली उष्णता वाऱ्याला देऊन टाकायचं आणि गार होऊन खाली यायचं. हे अखंड चालू असे आणि क्षमाला ते बघवत नसे. पाण्यापेक्षा लवकर उकळणारा एक द्रव घेऊन तिने त्या गरम पाण्यावर चालणारं यंत्र बनवलं. द्रव उकळायचा, त्याची वाफ एक चक्र फिरवायची, चक्रावर वीज तयार व्हायची. मग ती वाफ गार करून पुन्हा तिचा द्रव करायचा.

यंत्र बघायला कुणीही आलं की ती आधी एक गोष्ट सांगायची. "इतक्या कमी तापलेल्या पाण्यातून फार काही निघत नाही. शंभर भाग उष्णता आत घेतली तर चार भागांची वीज होते. उरलेले शहाण्णव भाग बाहेर टाकावेच लागतात. जितक्या गार जागी टाकाल तितकं यंत्र नीट चालतं." म्हणून तिच्या नकाशात यंत्राची जागा गच्चीवर होती, टॉवरला लागून. तिथे वेगळं पाणी तापवून घेतलेल्या चाचणीत बारा किलोवॅट वीज आली होती. पंप आणि पंखे त्यातली पाच खात. सात उरत. एवढ्या मोठ्या इमारतीला सात म्हणजे काहीच नाही, पण ती वाया जाणाऱ्यातून आलेली होती आणि क्षमाला तेवढी पुरे होती.

इमारतीचा कारभार बघणारा प्रणीत वर्षभरापूर्वी पुण्याहून आला होता. पर्यावरणपूरक इमारतींना मानांकन देणारी एक समिती बावीस एप्रिलला पाहणीला येणार होती आणि त्याला यंत्र त्याआधी चालू हवं होतं. गच्चीवर पाइप जोडायचे तर सर्व्हर चार दिवस बंद ठेवावे लागणार होते. सर्व्हरवाल्या कंपनीने साफ नकार दिला. मग प्रणीतने यंत्र दुसऱ्या तळघरात, पार्किंगच्या कोपऱ्यात, जिथे सर्व्हर चालू ठेवून पाइप जोडता येत होते, तिथे बसवलं आणि वाफ गार करायला टॉवरऐवजी आठ मोठे पंखे लावले. पंख्यांची गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून इमारतीबाहेर न्यायची असं ठरलं होतं. डक्ट आला नाही. पंखे आले, बसवले गेले, आणि त्यांच्या तोंडासमोर एक जाळीची भिंत होती. भिंतीपलीकडे सफाईच्या बायकांची खोली होती.

क्षमाने दोन मेल पाठवले. दोन्हीत लिहिलं की डक्टशिवाय पंखे चालवू नयेत. प्रणीत तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "क्षमा, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. सहा वर्षं तू यासाठी थांबलीस ना? साइन कर, आपण स्टार्ट करू. डक्ट इज ऑन द वे."

तिने सही केली. 'तात्पुरती व्यवस्था, पंधरा दिवसांसाठी सुरक्षित.' आपल्यावर दबाव होता असं तिने पुढे कुणाला सांगितलं नाही, कारण खरं कारण वेगळं होतं. तिला ते चक्र फिरताना बघायचं होतं.

त्या खोलीत नऊ बायका दुपारी जेवायच्या. त्यांची मुकादम भागुबाई, पन्नाशीची, खानापूर तालुक्यातली. तिची थोरली जाऊ महानंदा त्याच खोलीत दिवसभर कामाला असे. फडकी धुवायची, वाळवायची, घड्या घालायच्या, फरशीच्या औषधाच्या बाटल्या भरायच्या. क्षमा मराठी बोलते हे कळल्यापासून भागुबाई तिला बाकीच्यांसारखं म्याडम म्हणत नसे, अक्का म्हणे. "तुमचं मराठी कानडी वळणाचं हाय अक्का, पण आपल्यातलं हाय," असं ती एकदा म्हणाली होती. क्षमाचं घर चामराजपेटेतलं. चार-पाच पिढ्यांपासून घरात मराठी आणि दारात कन्नड. तिला ते ऐकून बरं वाटलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भागुबाई तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातातला डबा तिने उघडून दाखवला.

"वास घ्या."

भाताला आंबूस वास येत होता.

"सकाळी सातला शिजवलेला भात. साडेबाराला हे असं. आमच्या खोलीत बसाय होत न्हाई अक्का. भिंतीतनं धग मारती. महानंदाला दोन दिवस उलट्या होतायत."

"डक्ट नाही आला अजून?"

"काय ते मला ठावं न्हाई. तुम्ही खाली या."

क्षमा खाली गेली. महिनाभरात ती यंत्राच्या बाजूने रोज जात होती, पण त्या खोलीत एकदाही गेली नव्हती. आत पाऊल टाकलं आणि तिच्या चष्म्याची काडी कानाला गरम लागायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बायका जाळीच्या भिंतीपासून लांब, दाराशी दाटीवाटीने बसल्या होत्या. महानंदा मात्र भिंतीलगतच्या टेबलावर फडकी घडी करत होती, कारण टेबल तिथेच जमिनीला ठोकलेलं होतं. क्षमाने बॅगेतला तापमापक काढून टेबलावर ठेवला. त्रेचाळीस.

दीडशे घरांतले गिझर एका कोपऱ्यात लावून ठेवावेत एवढी उष्णता ते पंखे बाहेर फेकत होते. हा आकडा क्षमाला पाठ होता. तिनेच काढलेला होता. आधी ही सगळी उष्णता गच्चीवरून आकाशात जात होती, कुणाच्या अंगावर येत नव्हती. ती तिने खाली आणली होती.

"तुम्ही वर हिरवळीवर का नाही जेवत?" तिने विचारलं, आणि विचारताक्षणी आपण किती मूर्ख प्रश्न विचारला हे तिला कळलं.

"हिरवळ तुमची," भागुबाई म्हणाली. "आम्ही बसलो की शिक्युरिटी उठवतोय."

क्षमा तशीच प्रणीतच्या खोलीत गेली. तिथे बावीस अंश होते.

"डक्ट कुठे आहे?"

"ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे."

"महिना झाला. त्या खोलीत त्रेचाळीस अंश आहेत. आणि गरम हवा पुन्हा पंख्यात शिरते म्हणून यंत्रही नीट चालत नाही. सहा किलोवॅट बनवतंय आणि पंखे-पंप मिळून नऊ खातायत. आपण इमारतीची वीज जाळून बायकांना भाजतोय, प्रणीत."

"लूक, डोन्ट बी ड्रॅमॅटिक. बावीस तारखेनंतर बंद करू, डक्ट लावू, सगळं करू. आणि त्या बायका गावाकडच्या असतात, उन्हात शेतात राबलेल्या. त्यांना सवय असते."

क्षमाला त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "निदान त्यांना दुसरी खोली दे."

"बघतो."

त्याने बघितलं नाही. क्षमानेही चार दिवस वाट बघितली, आणि त्या चार दिवसांबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

सोळा तारखेला, गुरुवारी, दुपारी अडीचला यंत्रावरचा तंत्रज्ञ नागराज पळत वर आला. "मॅडम, खाली चला. एक बाई पडल्या."

महानंदा फरशीवर होती. अंग कोरडं, तापलेल्या तव्यासारखं. घामाचा एक थेंब नाही. ती काहीतरी बडबडत होती, त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. भागुबाई तिच्या डोक्यावर फरशी पुसायच्या बादलीतलं पाणी ओतत होती, कारण दुसरं पाणी नव्हतं. क्षमा आणि नागराजने मिळून तिला उचललं, पार्किंगमधल्या नागराजच्याच गाडीत घातलं. इस्पितळात ताप मोजला तेव्हा साडेएकेचाळीस होता. डॉक्टर म्हणाले, "उष्माघात. कुठे काम करत होत्या, भट्टीवर?"

भागुबाईने क्षमाकडे बघितलं.

चार दिवस महानंदा अतिदक्षता विभागात होती. जगली. पण उठून बसवलं तेव्हा हात थरथरत होते, आणि उभं केलं तेव्हा तोल जात होता. तापाने मेंदूचा तोल सांभाळणारा भाग दुखावला आहे, किती भरून येईल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पण ते सोमवारचं. त्याआधी शुक्रवारी सकाळी प्रणीतने क्षमाला बोलावलं. समोर एक छापील निवेदन होतं. 'सदर खोलीचे तापमान घटनेच्या वेळी चौतीस अंश होते. सदर महिला सकाळपासून उपाशी होती व तिला रक्तदाबाचा जुना त्रास होता.' खाली क्षमाच्या नावाची जागा कोरी होती.

"चौतीस कुठून आले?"

"बिल्डिंगच्या सेन्सरवरून."

"तो सेन्सर रॅम्पपाशी आहे. बाहेरची हवा आत येते तिथे. यंत्राचा स्वतःचा नोंदपट आहे माझ्याकडे, प्रणीत. दर मिनिटाला पंख्यांची हवा किती अंशांची आहे ते लिहिलेलं असतं. काल दोन वाजता सत्तेचाळीस होती."

प्रणीतने आवाज खाली आणला. "तो नोंदपट बाहेर आला तर पहिलं नाव कुणाचं येईल? 'सुरक्षित' असं कुणी लिहून दिलंय? मी नाही. थिंक अबाउट इट."

त्या संध्याकाळी चामराजपेटेतल्या घरी तिने वडिलांना सगळं सांगितलं. हयवदनराव सत्त्याऐंशीचे, आयुष्यभर सरकारी नोकरी केलेले. तिला वाटलं होतं ते चिडतील, तिच्या बाजूने चिडतील. ते घाबरले.

"स्वल्प ऐक माझं," ते म्हणाले. "बाई वाचली ना? सरी. आता सुम्मने, गप्प बस. सही केलेली परत घेता येत नसते. तू तोंड उघडलंस तर ते तुलाच लटकवतील."

"अण्णा, ती बाई जगेल की नाही हेसुद्धा अजून कळलेलं नाही!"

"आणि तू बोललीस म्हणून कळणार आहे?"

ती ताटावरून उठली. इतक्या वर्षांत वडिलांसमोर ताट सोडून ती पहिल्यांदाच उठली होती. राग वडिलांवर नव्हता. ते जे बोलत होते तेच दोन दिवस तिच्याही मनात चाललं होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती घाण वाटतं हे तिला तेव्हा समजलं.

शनिवारी सकाळी अकराला ती तळघरात गेली. यंत्र चालूच होतं. एक बाई मरणाच्या दारात पडली होती आणि पंखे चालूच होते. बायकांना जेवायला जिन्याखाली बसायला सांगितलं होतं, तेवढाच फरक. क्षमाने यंत्र थांबवलं, झडपा बंद केल्या, मुख्य खटका खाली ओढला आणि त्यात आपलं लाल कुलूप घातलं.

यंत्रांवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे असं स्वतःचं कुलूप असतं. विजेच्या पेटीत हात घालण्याआधी खटका बंद करून त्याला ते लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. कुलूप ज्याचं, काढणार तोच. दुसऱ्या कुणी काढायचं नाही, मालक आला तरी. कुलपाला लावायची चिठ्ठी तिने भरली. 'बंद. कारण: बाहेर टाकलेली उष्णता माणसांवर येते. क्षमा राव. अठरा एप्रिल.'

अर्ध्या तासात प्रणीत खाली आला. त्याने क्षमाकडे बघितलंही नाही. नागराजला म्हणाला, "कटर आण. कुलूप काप."

नागराज जागचा हलला नाही. तो बारा वर्षं तिथे होता आणि वरच्या माणसांशी बोलताना नेहमी जमिनीकडे बघायचा. आताही जमिनीकडे बघूनच, कन्नडमध्ये, तो म्हणाला, "सर, ते होणार नाही."

"व्हॉट?"

"मी पेटीत हात घालतो तेव्हा माझ्या कुलपावर भरवसा ठेवून घालतो. आज तुमच्या सांगण्यावरून मॅडमचं कापलं, तर उद्या मी आत असताना माझंही कुणीतरी कापेल. मला दोन मुली आहेत सर."

क्षमाला वाटलं आता हा ओरडणार, नागराजला कामावरून काढणार. प्रणीत कुलपाकडे बघून हसला. "फाइन. राहू दे."

तो इतक्या सहज का हसला हे तिला बुधवारी कळलं.

सोमवारी इस्पितळात महानंदाला सामान्य खोलीत आणलं होतं. क्षमा भेटायला गेली. भागुबाई उशाशी होती, ती उठली नाही की बस म्हणाली नाही. महानंदाची जीभ जड झाली होती, पण ती बोलत होती.

"ते पंखं," तिने विचारलं, "कशाला लावलं होतं?"

कुणी तिला सांगितलंच नव्हतं. भिंतीपलीकडे काय आहे, कशासाठी आहे, महिना-दीड महिना कुणीही सांगितलं नव्हतं. क्षमाने सांगितलं. गरम पाणी, वाफ, चक्र, वीज.

"मग किती दिवं लागायचं त्यावर?"

क्षमाला खोटं बोलता आलं असतं. "एकही नाही," ती म्हणाली. "खाली आणल्यावर ते उलट वीज खात होतं."

महानंदाने डोळे मिटले. भागुबाई पहिल्यांदा बोलली.

"म्याडम, कागदावर सही तुमची हाय म्हणं. नागराजअण्णा सांगत होता."

"हो."

"खाली येऊन बघितल्याबिगर केलीसा?"

"हो."

"मग आता जावा तुम्ही. मला तुमच्यासंगं बोलाय नको."

बुधवारी समिती आली. क्षमाला सुट्टी घ्यायला सांगितलं होतं. ती गेलीच. खालच्या दालनात फुलांच्या माळा होत्या, समई होती, आणि भिंतीवर माणसापेक्षा उंच पडदा होता. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'या इमारतीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून आत्ता तयार होत असलेली वीज: ११.८ किलोवॅट.' मधूनच तो आकडा ११.९ व्हायचा, पुन्हा ११.८. समितीतले पाच जण आणि कंपनीचे वीस-पंचवीस लोक टाळ्या वाजवत होते.

यंत्र चार दिवस बंद होतं. किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

क्षमाच्या डोक्यात काहीतरी फुटलं. म्हणजे यंत्राची त्यांना कधी गरजच नव्हती. पडदा पुरला असता. पहिल्या दिवसापासून पडदा पुरला असता, आणि तरी त्यांनी ते पंखे दीड महिना बायकांच्या अंगावर चालवले होते. का? बंद करायची कुणाला गरजच वाटली नव्हती म्हणून! ती माणसांमधून वाट काढत पुढे गेली.

"हा आकडा खोटा आहे," ती मोठ्याने म्हणाली. आधी इंग्रजीत, मग कन्नडमध्ये, कोपऱ्यात उभ्या असलेल्या रखवालदारांनाही कळावं म्हणून. "यंत्र मी बनवलंय. शनिवारपासून ते बंद आहे. त्याच्या उष्णतेने एक बाई इस्पितळात आहे."

प्रणीत पुढे झाला. "सॉरी एव्हरीवन. क्षमा इज अंडर अ लॉट ऑफ स्ट्रेस. तिच्या टीममध्ये एक मेडिकल..."

"बंद हाय!"

खांबापाशी भागुबाई उभी होती. तिची कामाची वेळ होती. हातात फरशी पुसायचं फडकं, अंगावर कंपनीचा निळा गणवेश. ती मराठीत बोलत होती, समोरच्या किती जणांना कळलं कुणास ठाऊक. पण तिचा हात खाली, तळघराच्या दिशेने होता आणि आवाज अख्ख्या दालनात घुमला. "बंद हाय ते! माझी जाऊ तिथं भाजली! या, दाखवते. या की! का उभं राहिलासा?"

समितीच्या प्रमुख आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग भागुबाईकडे. "मला यंत्र बघायचंय," त्या म्हणाल्या.

"मॅम, लंचनंतर शेड्यूलमध्ये आहेच..."

"आत्ता."

सगळे रॅम्पवरून खाली उतरले. पंखे थांबलेले होते, पात्यांवर धूळ बसली होती. बाईंनी वाकून चिठ्ठी वाचली. लोखंडावर हात ठेवून बघितला. मग भिंतीपलीकडे खोलीत गेल्या. तिथे टेबलावर महानंदाने घातलेल्या घड्या अजून तशाच होत्या. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "अकरा पॉइंट आठ कुठून येतंय?"

वर कुणीतरी पडदा बंद केला असावा, कारण ते परतले तेव्हा तो काळा होता.

त्याने फार काही बिघडलं नाही. मानांकन पुढे ढकललं गेलं, रद्द झालं नाही. जेवण ठरल्यासारखं झालं. तीन वाजता क्षमाने ओळखपत्र दाराला लावलं तर दार उघडेना. रखवालदाराने तिची पर्स आणि डबा बाहेर आणून दिला. नागराजला चार नंबरच्या इमारतीत हलवलं, भागुबाईलाही. बायकांना मात्र तळमजल्यावर खिडकी असलेली खोली मिळाली, ती एवढ्या घाईने की दारावर अजून 'स्टेशनरी' अशी पाटी होती. प्रणीतची बदली हैदराबादला झाली, बढती देऊन. ते ऐकलं त्या दिवशी क्षमाने स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या हातातला पेला भिंतीवर मारला. हयवदनराव आवाज ऐकून आले. खाली वाकून काचा वेचू लागले, आणि ते बघून तिला रडू आलं.

जुलैत कामगार अधिकाऱ्यासमोर सुनावणी झाली. भागुबाईने तक्रार केली होती. कंपनीचं म्हणणं तेच होतं, उपाशीपोट आणि रक्तदाब. क्षमाने यंत्राचा नोंदपट पुढे ठेवला आणि सोळा तारखेच्या दुपारचे आकडे वाचायला सुरुवात केली. बारा वाजता पंचेचाळीस. सव्वाबाराला पंचेचाळीस. साडेबाराला सेहेचाळीस. कंपनीचा वकील म्हणाला, इतकं सगळं वाचायची गरज नाही. क्षमा म्हणाली, "ती सगळा वेळ तिथे होती. तुम्हाला ऐकायला काय होतंय?" अधिकारी म्हणाले, वाचू द्या. तिने अडीचपर्यंत वाचलं.

मग वकिलाने तिची सही पुढे केली. "ही तुमची?"

"माझी."

"'पंधरा दिवसांसाठी सुरक्षित' हे तुम्ही लिहिलंत?"

"मी लिहिलं. ते सुरक्षित नव्हतं आणि मला ते माहीत होतं. त्याआधीचे माझे दोन मेल तुमच्यासमोर आहेत, त्यांत मीच तसं लिहिलंय."

"म्हणजे दोष तुमचा?"

"माझाही. माझं नाव घाला ना, कोण नको म्हणतंय? पण माझ्या नावाच्या वरचं नाव का गाळताय? ज्याने डक्ट मागवलाच नाही, ज्याने चौतीस अंश छापून आणले, त्याचं नाव त्या कागदात कुठे आहे ते मला दाखवा."

निकाल दोन आठवड्यांनी आला. हा कामाच्या जागेवरचा अपघात धरला गेला. महानंदाच्या उपचारांची आणि पुढच्या पोटापाण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली गेली. जबाबदार व्यक्तींमध्ये प्रणीतचं नाव होतं, आणि त्याखाली क्षमाचंही. कंपनीने लगेच वरच्या न्यायालयात जायचं जाहीर केलं. ते प्रकरण अजून चालू आहे. महानंदा अजून भिंत धरून चालते.

निकालाच्या दिवशी क्षमा कामगार कचेरीबाहेर रिक्षासाठी उभी होती. भागुबाई मागून येऊन शेजारी थांबली.

"म्याडम."

"बोला."

"तुम्ही खरं बोललासा. ते मला पटलं. पण मनात अढी हाय ती जाणार न्हाई, आधीच सांगते."

"जाऊ नये."

"आता मी चार नंबरला हाय. तिथं आमची खोली जनरेटरच्या अंगाला हाय. आठवड्यात दोनदा लाइट जाती, मग ते सुरू हुतं. तिथल्या पोरींना मी सांगून ठेवलंय, चक्कर आली की बाहेर पळा. पण म्हणायला पुरावा लागतोय. तुम्हाला मोजता येतंय."

"मला आत सोडणार नाहीत, भागुबाई."

"तुम्हाला न्हाई सोडणार. मला सोडत्यात की. मला शिकवा."

दुसऱ्या दिवशी क्षमा चिकपेटेच्या बाजारात गेली आणि सहा तापमापक घेऊन आली. हेब्बाळच्या बसथांब्यावर उभ्या-उभ्या तिने ते भागुबाईला दिले. कुठे लावायचा, भिंतीला टेकवायचा नाही, किती वेळ थांबायचं, वेळ आणि आकडा शेजारी-शेजारी कसा लिहायचा हे दाखवलं. भागुबाईने एकदा ऐकलं, एकदा स्वतः करून दाखवलं, आणि सगळे पिशवीत टाकून, मागे वळून न बघता बसमध्ये चढली.

पाच दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. पाठीमागे जनरेटरची घरघर चालली होती, ओरडून बोलावं लागत होतं.

"लिवा म्याडम. चार नंबर, पावणेदोन वाजता, एकेचाळीस. दोन वाजता त्रेचाळीस. आमी सगळ्या बाहेर आलोय. आत जाणार न्हाई म्हणून सांगितलंय."

"कुणी काही म्हणालं?"

"म्हणत्यात की. म्हणू देत. तुम्ही कागद करा."

क्षमाने कामगार अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहायला घेतला.